गाडी आपली, बदल आपला. मग दोष कोणाचा?

हौसेला मोल नसते, असे आपण म्हणतो. हे वचन अर्धेच खरे आहे. हौसेला मोल नसेलही, परंतु हौसेच्या परिणामांना ते असते आणि कोणाला तरी, कधी तरी ते चुकते करावेच लागते. ते कोणी चुकते करावयाचे, हा प्रश्न हौस करतेवेळी कोणी विचारीत नाही. अपघात झाल्यावर मात्र सर्वजण तो एकदम विचारू लागतात. या महिन्यात आम्ही हाच प्रश्न वाचकांपुढे ठेवीत आहोत. निमित्त आहे ते सहलीसाठी घेतलेल्या गाडीत मनासारखे फेरबदल करून घेण्याच्या हौसेचे.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांना प्रवास काही नवा नाही. कुलदैवताचे दर्शन, लग्नकार्य, मुलांचे आजोळ, या ना त्या कारणाने आपली पावले वर्षातून एकदा तरी सह्याद्रीकडे वळतातच. पूर्वी हा प्रवास ट्रंका, वळकट्या आणि फिरकीचा तांब्या घेऊन आगगाडीने होत असे. आज अनेक घरांच्या दारात स्वतःची दणकट गाडी उभी असते. इंदूरचे कुटुंब तिच्यातून मांडूला जाते, बेळगावचे आंबोली घाट उतरते, बडोद्याचे सापुतारा गाठते. काहींनी तर प्रवासी व्हॅनमध्ये बिछाने, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून चाकांवरचे घरच उभे केले आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून या हौसेला एक प्रतिष्ठाही लाभली आहे. यात गैर काहीच नाही. आपला मुलूख डोळे भरून पाहावा, मुलाबाळांसह पाहावा, यासारखे सुख थोडे.

परंतु कारखान्यातून आलेली गाडी जशीच्या तशी वापरणे हल्ली कमीपणाचे वाटू लागले आहे. म्हणून उंच पाटे आणि मोठी चाके येतात, पुढे पोलादी बुलबार येतो, टपावर कॅरियर व त्यावर तंबू येतो, जादा दिवे आणि ते पेटते ठेवण्यासाठी दुसरी बॅटरी येते. प्रत्येक बदल सुटा पाहिला तर किरकोळ वाटतो. मात्र गाडी ही सुट्या वस्तूंची मोट नव्हे. तिचा एक भाग दुसऱ्याचा हिशेब धरून बांधलेला असतो. एका ठिकाणी हात घातला की तो हिशेब दुसऱ्या ठिकाणी बिघडतो आणि कोणाच्या हे ध्यानीही येत नाही.

हा हिशेब थोडक्यात पाहू. वळणावर गाडी किती स्थिर राहील, हे तिच्या डाव्या-उजव्या चाकांतील अंतर आणि तिच्या गुरुत्वमध्याची उंची यांच्या प्रमाणावर अवलंबून असते. पाटे उंच केले आणि टपावर ओझे चढविले की गुरुत्वमध्य वर सरकतो, चाकांतील अंतर मात्र बहुधा तेवढेच राहते. मोठे चाक एका फेऱ्यात अधिक अंतर तोडते, म्हणून वेगदर्शक काटा प्रत्यक्षाहून कमी वेग दाखवितो. शिवाय त्या चाकाला थांबविण्यासाठी ब्रेकला अधिक जोर लावावा लागतो. गाडीचा पुढचा भाग चेपण्यासाठीच घडविलेला असतो, कारण तो चेपताना धक्का गिळतो. तेथे ताठ पोलादी दांडा बसविला की धक्क्याची वाट बदलते, आणि त्या धक्क्यावरून एअरबॅग उघडावयाची की नाही हे ठरविणाऱ्या यंत्रणेचे अनुमानही चुकू शकते. विजेचेही तसेच आहे. फ्यूज हा मुद्दाम ठेवलेला दुबळा दुवा असतो. भार वाढला तर आधी त्याने जळावे आणि तार वाचवावी, अशी ती योजना असते. जादा दिव्यांसाठी मेस्त्रीने जाड फ्यूज घातला की दुबळा दुवा तार होते आणि फ्यूजऐवजी तीच जळते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अशी बदललेली गाडी उलटली, पेटली वा थांबली नाही आणि कोणी जायबंदी झाले, तर भरपाई कोणी द्यावी? गाडी बनविणाऱ्याने, विकणाऱ्याने, बदल करणाऱ्या गॅरेजने की मालकाने? मालक म्हणतो, गाडीच खराब होती. कंपनी म्हणते, आमची गाडी उत्तम होती, तुम्ही ती बिघडविलीत. दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक असू शकतात आणि दोघेही चूक असू शकतात.

या वादाचा विचार अमेरिकेतील न्यायालयांनी बराच आधी व बराच खोलवर केलेला आहे. आपल्या कायद्यातील काही कल्पना त्याच विचारातून पुढे आलेल्या असल्याने तो थोडक्यात पाहणे उपयुक्त ठरेल. तेथे एका गृहस्थास त्याच्या पत्नीने १९५५ च्या नाताळात सुतारकामाचे विजेवर चालणारे यंत्र भेट दिले होते. १९५७ साली त्यावर लाकूड कातत असता तुकडा उडून त्याच्या कपाळावर बसला आणि तो गंभीर जखमी झाला. लाकूड कातण्यासाठी त्याने यंत्राला जोडभाग लावले होते खरे, परंतु यंत्र ज्या कामासाठी विकले गेले तेच काम तो करीत होता. १९६३ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणी निर्णय दिला. ग्राहक माल तपासून घेणार नाही हे ठाऊक असूनही जो तो बाजारात आणतो, त्या मालातील दोषामुळे मनुष्याला इजा झाली तर निष्काळजीपणा सिद्ध न होताही तो उत्पादक जबाबदार ठरतो, असे न्यायमूर्ती रॉजर ट्रेनर यांनी त्यात म्हटले. दोन वर्षांनी, १९६५ साली, अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूट या विधिज्ञांच्या संस्थेने हे तत्त्व सूत्ररूपाने मांडले, पण त्याला एक अट जोडली. माल ग्राहकाच्या हाती पोहोचेपर्यंत त्याच्या स्थितीत महत्त्वाचा फरक पडलेला नसावा, अशी ती अट होती. येथून पुढचा सारा वाद ‘महत्त्वाचा फरक’ या दोन शब्दांभोवती फिरत राहिला.

न्यूयॉर्क राज्यातील दोन निकालांनी या वादाच्या दोन्ही बाजू उजेडात आणल्या. दोन्ही निकाल गाड्यांचे नव्हेत, कारखान्यातील व दुकानातील यंत्रांचे आहेत; पण तत्त्व तेच आहे. पहिल्या प्रकरणात प्लास्टिक ओतण्याच्या यंत्राला सुरक्षेसाठी एक दार होते. ते उघडे असताना यंत्र चालत नसे. कारखानदाराने आपल्या कामाच्या सोयीसाठी त्या दारालाच भोक पाडले आणि एका सतरा वर्षांच्या कामगाराचा हात त्या भोकातून आत जाऊन चिरडला. १९८० साली तेथील वरिष्ठ न्यायालयाने यंत्र बनविणाऱ्यास जबाबदारीतून मुक्त केले. यंत्र हातून जाताना सुरक्षित होते; पुढे कोणी त्याची सुरक्षाच फोडून टाकली तर त्याचा भार उत्पादकावर टाकता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. दुसऱ्या प्रकरणात एका किराणा दुकानातील मांस कुटण्याच्या यंत्रावरचे संरक्षक झाकण दुकानदाराकडे असताना काढून टाकले गेले होते. येथेही सतरा वर्षांच्याच एका कामगाराचा हात गेला. १९९८ साली त्याच न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. बदल झाला म्हणून उत्पादक रचनेच्या दोषातून सुटेल. परंतु ‘हे झाकण काढू नका, काढल्यास हात जाईल’ अशी सूचना देण्याचे कर्तव्य त्याने टाळले असेल, तर बदल होऊनही तो जबाबदार ठरू शकेल, असे न्यायालयाने सांगितले.

दोन्ही निकाल शेजारी ठेवले म्हणजे या विषयाचे मर्म हाती लागते. ‘वस्तूत बदल केला होता काय?’ हा खरा प्रश्नच नव्हे. ‘इजा झाली ती त्या बदलातून झाली काय?’ हा खरा प्रश्न आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येते, म्हणून तो सर्वांना सोयीचा वाटतो. दुसऱ्याचे उत्तर शोधावे लागते, तपासावे लागते, पुराव्याने सिद्ध करावे लागते. न्याय मात्र दुसऱ्याच प्रश्नापाशी असतो.

आता आपल्या देशाकडे येऊ. आपल्याकडे १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादन दायित्वावर स्वतंत्र प्रकरण नव्हते. २०१९ च्या नव्या कायद्यात ते आले आणि २० जुलै २०२० पासून अमलात आहे. त्याचे कलम ८४ सांगते की, घडणीत दोष असेल, रचनेत दोष असेल, ठरलेल्या परिमाणापासून माल ढळला असेल, दिलेल्या स्पष्ट हमीशी तो जुळत नसेल किंवा योग्य वापराच्या सूचना आणि चुकीच्या वापराविषयीचे इशारे पुरेसे दिलेले नसतील, तर उत्पादक जबाबदार ठरतो. विक्रेत्याची जबाबदारी कलम ८६ मध्ये आहे. त्यातील एक पोटकलम आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याशी जाते: विक्रेत्याने मालात बदल केला असेल आणि तो बदल हानीला कारण होणारा महत्त्वाचा घटक असेल, तर विक्रेता जबाबदार. येथे कायद्याने बदल आणि हानी यांमधील नाते स्पष्ट शब्दांत मागितले आहे.

कलम ८७ मात्र वाचकांनी जरा सावधपणे वाचावे. हानी घडली त्या वेळी वस्तूचा गैरवापर झालेला असेल किंवा तिच्यात फेरफार वा बदल केलेला असेल, तर विक्रेत्याविरुद्ध उत्पादन दायित्वाची कारवाई करता येणार नाही, असे ते म्हणते. बदलामुळेच हानी झाली पाहिजे, ही अट त्या वाक्यात शब्दशः नाही. शिवाय कायद्यातील ‘विक्रेता’ या शब्दाची व्याप्ती मोठी आहे. आयात करणारा, वितरण करणारा, बसवून देणारा, दुरुस्त करणारा आणि स्वतःच विक्री करणारा उत्पादकही तीत येतो. याउलट उत्पादकाची उत्पादक म्हणून असलेली जबाबदारी कलम ८४ मध्ये स्वतंत्रपणे सांगितली आहे. आणि सदोष वस्तूमुळे झालेली हानी हाच या साऱ्या प्रकरणाचा पाया असल्याने ज्या बदलाचा हानीशी संबंध नाही तो आड येऊ नये, अशी बाजू ग्राहकाला मांडता येते. ती सयुक्तिक आहे असे आम्हांस वाटते. तथापि शहाण्या गृहस्थाने आपल्या कुटुंबाची सुरक्षितता युक्तिवादाच्या भरवशावर ठेवू नये. समोरचा पक्ष हे कलम पुढे करणारच, असे गृहीत धरून चालावे हे बरे.

एका कल्पित उदाहरणाने हे अधिक उकलेल. समजा, एका कुटुंबाने सहलीच्या गाडीला उंच पाटे, बुलबार, टपावरचा तंबू आणि जादा दिवे असे चारही बदल करून घेतले. आता चार निरनिराळे अपघात कल्पू.

पहिला अपघात असा की, घाटातील वळणावर गाडी कलंडली. पाटे उंच, टपावर ओझे, वळण तीव्र. येथे बदल आणि हानी यांचे नाते उघड आहे. कंपनीकडे बोट दाखविणे कठीण. परंतु हे पाटे खुद्द गाडीच्या विक्रेत्यानेच ‘काही होत नाही’ म्हणून बसवून दिले असतील, तर कलम ८६ त्याच्याकडे पाहते. मात्र त्याने ते बसविल्याचे पक्के बिल आपल्यापाशी असावयास हवे.

दुसऱ्या अपघातात सुकाणूचा सांधा तुटून गाडी खड्ड्यात गेली. सांध्याच्या धातूत घडणीच्या वेळचीच भेग होती. येथे टपावरच्या तंबूचा किंवा जादा दिव्यांचा काय संबंध? काहीच नाही. उंच पाट्यांचा मात्र असू शकतो, कारण त्यांनी सांध्याचा कोन बदलतो व त्यावरचा ताण वाढतो. कंपनी हे म्हणणारच. मग निवाडा करणार कोण? तो तुटलेला सांधा. धातू जुन्या भेगेतून तुटला की नव्या ताणाने, हे तज्ज्ञाला तुटलेल्या पृष्ठभागावरून पाहता येते. कायद्याच्या कलम ३८ नुसार ग्राहक आयोग अशी वस्तू मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. पण दुरुस्तीच्या घाईत तो सांधा भंगारात गेला असेल, तर आयोगाने तपासावे काय?

तिसऱ्या अपघातात जादा दिव्यांच्या वायरिंगमधून आग लागली. गाडी बनविणाऱ्याचा येथे संबंध नाही. पण म्हणून सारा भार मालकानेच सोसावा असेही नाही. ज्या गॅरेजने सदोष काम केले ते सेवा पुरविणारे या नात्याने कलम ८५ खाली जबाबदार ठरू शकते. दिव्याचा संचच सदोष असेल तर तो संच बनविणारा उत्तरदायी होतो. बदललेल्या गाडीला एक नव्हे, अनेक निर्माते असतात, ही गोष्ट आपण सहसा विसरतो. जो व्हॅन विकत घेऊन तिची कॅरव्हॅन बनवून विकतो, तोही नव्या वस्तूचा निर्माताच होय. कारण विक्रीपूर्वी वस्तूची पुनर्निर्मिती करणाऱ्यालाही या कायद्यात उत्पादक म्हटले आहे.

चौथा अपघात म्हणजे समोरासमोरची टक्कर, आणि एअरबॅग उघडल्या नाहीत. या बाबतीत २० एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ह्युंदाई कंपनीच्या एका गाडीसंबंधी दिलेला निकाल महत्त्वाचा आहे. २०१७ साली दिल्ली-पानिपत मार्गावर ती गाडी अपघातात सापडली आणि एअरबॅग उघडल्या नाहीत. धक्का पुरेसा जोराचा नव्हता, असा कंपनीचा बचाव होता. ग्राहक हा वेगाचे व बलाचे गणित मांडणारा भौतिकशास्त्राचा पंडित असण्याची अपेक्षा करता येत नाही, अशा आशयाचे मत व्यक्त करून न्यायालयाने ग्राहकाला मिळालेली भरपाई कायम केली. ग्राहकांना धीर देणारा हा निकाल आहे. परंतु आमच्या कल्पित गाडीला पुढे बुलबार आहे, हे ध्यानात घ्यावे. तो दांडा नसता तर मालकाला मौन पाळूनही चालले असते. त्या दांड्यामुळे कंपनीला तयार उत्तर मिळाले. जिंकण्यासारखी बाजू आपल्याच हौसेने दुबळी करून घेणे, यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

येथवर दिवाणी भरपाईचा विचार झाला. काही बदल तर मुळातच बेकायदेशीर आहेत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असे बदल मालकास करता येत नाहीत. ९ जानेवारी २०१९ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार मान्यता नसलेले भाग बसवून गाडीत बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. बुलबारविरुद्ध कारवाई करावी, असे केंद्रीय मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळविले होते. कारण तो दांडा आतल्या माणसांइतकाच रस्त्यावरच्या पादचाऱ्यालाही घातक ठरतो. दुसरीकडे, वायू-इंधनाचा मान्यताप्राप्त संच बसविणे किंवा अपंग व्यक्तीसाठी गाडी अनुकूल करून घेणे, यांना कायद्याने अटींसह वाट करून दिली आहे. म्हणजे कायद्याचा राग बदलावर नाही. न विचारता, न नोंदविता केलेल्या बदलावर आहे.

आणखी दोन गैरसमज दूर करावयास हवेत. ‘वॉरंटी गेली, आता काही करता येणार नाही’ हा पहिला. वॉरंटी हा गाडीच्या दुरुस्तीबाबतचा करार आहे. उत्पादन दायित्व हे माणसाला झालेल्या इजेबाबतचे आहे. कायद्यातील ‘हानी’च्या व्याख्येत शारीरिक इजा, मृत्यू, त्यासोबतचा मनस्ताप आणि इतर मालमत्तेचे नुकसान येते, खुद्द त्या वस्तूचे नुकसान येत नाही. ही दोन वेगळी दारे आहेत. एक बंद झाले म्हणून दुसरे बंद झाले असे नाही. दुसरा गैरसमज याच्या उलट टोकाचा आहे: ‘सूचना दिली नव्हती, म्हणून कंपनी जबाबदार.’ जो धोका उघड आहे किंवा वापरणाऱ्यास ठाऊक असावयासच हवा, त्याची सूचना देण्याचे बंधन कायदा उत्पादकावर घालीत नाही. धावत्या गाडीच्या टपावर मुलांना बसवू नये, हे कोणत्याही पुस्तिकेने सांगण्याची गरज नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना एक तरतूद विशेष उपयोगाची आहे. पुष्कळदा गाडी पुण्याच्या नातलगांमार्फत घेतलेली असते, बदल इंदूरच्या गॅरेजात होतो आणि अपघात कोकणात घडतो. जुन्या कायद्यात समोरचा पक्ष जेथे असेल किंवा तक्रारीचे कारण जेथे घडले असेल, तेथेच दाद मागावी लागे. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील आयोगाकडेही तक्रार करण्याची मुभा दिली आहे. गाडीसाठी मोजलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जावे. मात्र दोन वर्षांची मुदत विसरू नये. ‘बघू, पुढच्या सुट्टीत’ असे म्हणता म्हणता ती केव्हा सरते, हे कळतही नाही.

मग हौस करूच नये काय? तसे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे इतकेच की, हौसेला कागदाची जोड द्यावी. बदल करण्याआधी गाडीबरोबर आलेली पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढून एकदा वाचावी. बदल चालेल काय, हे विक्रेत्याला लेखी विचारावे आणि उत्तरही लेखी घ्यावे; तोंडी आश्वासन अपघाताच्या दिवशी कोणालाच आठवत नाही, लेखी आश्वासन मात्र स्पष्ट हमी ठरू शकते. कोणता भाग, कोणी, कोणत्या दिवशी बसविला, याचे पक्के बिल जपून ठेवावे. आवश्यक तेथे परिवहन कार्यालयाची परवानगी घेऊन नोंदणीपत्रात नोंद करावी आणि विमा कंपनीस कळवावे. न कळविलेला बदल विम्याच्या दाव्यातही आड येऊ शकतो. जुनी गाडी घेताना ती नोंदणीपत्राशी ताडून पाहावी. पूर्वीच्या मालकाची हौस आपल्या गळ्यात पडलेली असते आणि आपल्याला तिचा पत्ताही नसतो.

अपघात झालाच, तर जखमींची व्यवस्था लागल्यावर गाडी आहे त्या स्थितीत ठेवावी, सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि तुटलेला भाग टाकू नये. एक मोह कटाक्षाने आवरावा. विम्याचा माणूस येण्यापूर्वी बुलबार काढून ठेवावा, जाड फ्यूज बदलून टाकावा, असे सुचविणारे शुभचिंतक अशा वेळी हमखास भेटतात. त्यांचे ऐकू नये. लपविलेला बदल उघडकीस आला की खऱ्या दोषाविषयी आपण जे सांगू तेही कोणास खरे वाटत नाही, आणि ज्याने सदोष भाग विकला तो मोकळा सुटतो. शिवाय सत्य लपवून मिळविलेली भरपाई ही भरपाई नव्हे.

कंपन्यांनाही आमचे एक सांगणे आहे. जाहिरातीत गाडी नदीनाले, खडक, वाळू तुडवीत धावताना दाखवावयाची, साहसाची हौस चेतवावयाची, आणि त्या हौसेपायी गाहकाने दोन पाटे उंच केले की हात झटकावयाचे, हे न्यायाचे नव्हे. कोणते बदल चालतील, कोणते मुळीच चालणार नाहीत आणि का, हे ग्राहकाला समजेल अशा भाषेत सांगणे त्यांचे कर्तव्य आहे. न्यूयॉर्कच्या दुसऱ्या निकालाचा बोध हाच आहे.

मालकाच्या बाजूने पाहता, या साऱ्याचा अर्थ एवढाच की, ज्याने पाना हाती घेतला वा मेस्त्रीच्या हाती दिला, त्याने निर्मात्याच्या कामातील एक वाटा उचलला आणि जबाबदारीतीलही उचलला. न्यायालय तो वाटा पुढे मोजील, कमी-जास्त ठरवील. पण ते नंतरचे. घाटाच्या वळणावर रात्री मागच्या आसनावर जे मूल झोपलेले असते, त्याने कोणते बिल पाहिलेले नसते आणि कोणती हमी वाचलेली नसते. ते केवळ विश्वासावर झोपलेले असते. त्या विश्वासाचा जामीन आपण आहोत, एवढे स्मरण ठेवून गॅरेजची पायरी चढावी, म्हणजे आयोगाची पायरी चढण्याची वेळ बहुधा येणार नाही.